चिनी मर्दानी खेळ आणि परंपरेची उलटतपासणी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्याने थट्टेने विचारले, ‘‘पगारवाढ आणि बोनस यांवर भाषणे करणाऱ्या माणसाला चीनच्या कुस्तीशी काय कर्तव्य?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका कबुलीनेच द्यावे लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कामगार वस्तीतील व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभाला आम्हांला बोलावले होते. मुलांनी लाठी, लेझीम, मल्लखांब यांची कामे फार सुंदर करून दाखविली. बोलण्याची पाळी आली तेव्हा आम्ही बोधिधर्माची गोष्ट सांगितली. दक्षिण भारतातला एक राजपुत्र भिक्षू झाला, समुद्र ओलांडून चीनला गेला. तेथील शाओलिन मठातले भिक्षू ध्यानाला बसून बसून दुबळे झाले होते, त्यांना त्याने व्यायाम शिकविला, आणि त्यातून पुढे सारे कुंग फू निघाले. म्हणजे चीनने जगाला जे शिकविले ते मुळात आपलेच! टाळ्यांचा कडकडाट झाला. समारंभ आटोपल्यावर एक तरुण फिटर जवळ आला आणि म्हणाला, ‘‘अण्णा, हे लिहून कुठं ठेवलंय?’’ आम्ही ‘‘इतिहासात’’ असे उत्तर दिले आणि चहाच्या कपाकडे वळलो.

उत्तर दिले खरे, पण ते आम्हांलाच बोचू लागले. कारण आमचा सारा जन्म ज्या एका वाक्यावर गेला ते वाक्य म्हणजे ‘मस्टर दाखवा’. व्यवस्थापक सांगतो की ही पूर्वापार वहिवाट आहे. आम्ही म्हणतो, कधीपासूनची? कागद कुठे आहे? त्यावर सही कोणाची? दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने स्वतः बिनहिशेबी बोलावे, हे काही शोभले नाही. म्हणून आम्ही त्या फिटरच्या प्रश्नाचा माग काढू लागलो. शाळा आम्हांला लवकर सोडावी लागली होती. चिनी भाषा तर येतच नाही. ग्रंथालयाच्या आधाराने आणि जाणत्यांना विचारून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

एका गोष्टीचे थर

प्रथम बोधिधर्माचेच मस्टर उघडू. त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमारास यांग श्युआनझ नावाच्या लेखकाने लोयांग शहरातील विहारांचे जे वर्णन लिहिले त्यात येतो. तेथे तो पश्चिमेकडून आलेला, स्वतःला दीडशे वर्षांचा म्हणविणारा, लोयांगमधील एक उंच स्तूप पाहून थक्क झालेला वृद्ध भिक्षू आहे. आणि लेखक त्याला इराणचा म्हणतो! दक्षिण भारताचा उल्लेख थोड्या नंतरच्या लिखाणात येतो. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यान केल्याची कथा त्याहून पुढची. पण या साऱ्यात मूठ, लाथ, काठी यांचा शब्दही नाही.

शाओलिन मठात इ. स. ७२८ चा एक शिलालेख आजही उभा आहे. तांग घराण्याची सत्ता स्थिर होत असताना, म्हणजे ६२१ मध्ये, मठातील भिक्षूंनी राजपुत्र ली शमिन याच्या बाजूने लढाईत भाग घेतला, त्याबद्दल मठाला जमीन मिळाली, अशी हकीकत त्यावर आहे. तेरा भिक्षूंची नावेही कोरलेली आहेत. पण बोधिधर्माने त्यांना युद्धविद्या शिकविली असे तो दगड म्हणत नाही. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी चंग झोंगयू नावाच्या गृहस्थाने दहा वर्षांहून अधिक काळ मठात राहून तेथील काठीची विद्या शिकली आणि तिच्यावर ग्रंथ लिहिला. भिक्षूंनी त्याला आपला आद्यगुरू कोण म्हणून सांगितला? बोधिधर्म नव्हे, तर किन्नर राजा! हा ‘किन्नर’ आपल्या ओळखीचाच शब्द आहे. मठाची कथा अशी, की दंगेखोर चालून आले तेव्हा स्वयंपाकघरात राबणारा एक सामान्य माणूस चुलीतली काठी घेऊन बाहेर आला आणि त्याने त्यांना पळवून लावले. तो दैवी अवतार होता हे नंतर कळले. पाहा, मठाच्या स्वतःच्या आठवणीत विद्येचा मूळपुरुष हा चुलीपाशी राबणारा होता. राजपुत्र नंतर आला.

तो कसा आला? १६२४ च्या सुमारास ‘यीजिन जिंग’ या नावाचे, स्नायू पालटण्याच्या व्यायामाचे एक पुस्तक तयार झाले. पुस्तक खपावे म्हणून असेल किंवा प्रतिष्ठेसाठी असेल, त्याचे कर्तृत्व बोधिधर्माला बहाल करण्यात आले आणि पुढे प्राचीन सेनापतींच्या नावाने दोन प्रस्तावना जोडण्यात आल्या. त्यांतल्या एका प्रस्तावनेत हे पुस्तक एका दाढीवाल्या वीराकडून मिळाल्याचे लिहिले आहे. आणि तो वीर म्हणजे चक्क जुन्या चिनी कथेतले एक पात्र! खोट्या दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून एखाद्या नाटकातल्या पात्राची सही घ्यावी, तसा हा प्रकार. तरी या पुस्तकातसुद्धा व्यायाम आहे, मुष्टियुद्ध नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ल्यू अ याच्या ‘लाओ त्सानची भ्रमंती’ या लोकप्रिय कादंबरीत ती गोष्ट आली, त्यानंतर १९१५ मध्ये शाओलिनच्या ‘रहस्यां’चे एक पुस्तक निघाले, आणि गोष्टीचा इतिहास झाला. तोच पुढे सिनेमाने जगभर नेला, आणि आम्ही तो व्यायामशाळेच्या व्यासपीठावर आणला.

म्हणजे हिंदुस्थानाचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो पक्का आहे. शाओलिन मठ इ. स. ४९५ च्या सुमारास उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने ज्या भिक्षूसाठी बांधला, त्याचे नाव चिनी कागदांत ‘बातुओ’ असे येते आणि तो भारतातून गेलेला होता. त्याने ध्यान शिकविले. खरा धागा एवढाच आहे. पण तो खरा आहे म्हणून मोलाचा आहे. त्याला खोट्या जरीची किनार लावायची गरज नव्हती.

नानकिंगमधील भांडण

हे थर उलगडणारा माणूस कोण, हे आता सांगितले पाहिजे. चीनमध्ये १९११ साली क्रांती झाली आणि राजेशाही गेली. परकीय सत्तांनी पिळून काढलेला हा देश ‘आशियाचा रोगी’ म्हणून हिणविला जात होता. दुबळेपणाचा हा डाग पुसण्यासाठी जागोजाग व्यायामसंस्था निघाल्या. १९१० मध्ये शांघायला ‘जिंगवू’ ही संस्था सुरू झाली. तिने गुपचूप चेल्यांना शिकविण्याची रीत मोडून शाळेसारखे वर्ग काढले आणि स्त्रियांनाही प्रवेश दिला. १९२८ मध्ये झांग झज्यांग या माजी सेनापतीच्या पुढाकाराने नानकिंगला सरकारी पाठबळाची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. मर्दानी विद्येला तेथे नाव मिळाले ‘गुओशू’, म्हणजे राष्ट्रीय विद्या.

राष्ट्राचे ऐक्य साधण्यासाठी निघालेल्या या संस्थेत पहिल्या काही महिन्यांतच दुफळी माजली. कारण संस्थेचे दोन विभाग केले होते: एक शाओलिन, दुसरा वूदांग. शाओलिनचा आद्यगुरू बोधिधर्म, तर वूदांगचा आद्यगुरू झांग सानफेंग नावाचा ताओपंथी सिद्ध पुरुष. आमचा गुरू मोठा की तुमचा, असा वाद पेटला आणि तो विभागप्रमुखांच्या प्रत्यक्ष झुंजीपर्यंत गेला. अखेर दोन्ही विभाग मोडून संस्थेची घडी नव्याने बसवावी लागली. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही अशा दोन पुराणपुरुषांच्या नावाने जिवंत माणसे एकमेकांवर उठली. हे चित्र आमच्या परिचयाचे आहे. एकाच खात्यात, एकाच मशीनवर, एकाच पगारात काम करणारे लोक केवळ निशाणाच्या रंगावरून कसे फुटतात, आणि त्याचा लाभ कोण उठवतो, हे आम्ही तीसएक वर्षे पाहत आलो आहोत.

या संस्थेच्या संपादन विभागात तांग हाओ हा तिशीतला माणूस काम करीत होता. जन्म सुचौजवळचा, घर गरिबीचे. तरुणपणी शांघायला येऊन तो मुष्टिविद्या शिकला, शाळेत शिक्षक झाला. पुढे जपानला जाऊन त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि वकील होऊन आला. वकिलाची नजर आणि पहिलवानाचे अंग, असा दुर्मीळ योग त्याच्या ठायी होता. १९३० मध्ये त्याने शाओलिन आणि वूदांग यांच्या उगमाची चिकित्सा करणारे एक छोटे पुस्तक लिहिले. त्याने दोन्ही आद्यगुरूंना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. बोधिधर्माची हकीकत आपण पाहिलीच. झांग सानफेंगविषयी त्याने दाखविले, की त्याचा मुष्टिविद्येशी संबंध जोडणारा जुना आधार म्हणजे हुआंग झोंगशी या पंडिताने १६६९ मध्ये लिहिलेला एका पहिलवानाचा मृत्युलेख. त्यात तो बाराव्या शतकातला आहे, स्वप्नात देवाकडून विद्या शिकतो आणि दुसऱ्या दिवशी एकटा शंभरावर दरोडेखोर मारतो. वूदांग डोंगरावरचा प्रसिद्ध सिद्ध पुरुष तर त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी होऊन गेला! शिवाय ताईजी या विद्येचे नाव त्या मृत्युलेखात नाहीच.

पुस्तक निघताच काही मंडळी खवळली. वकिलाला धरून चोप द्यावा असा बेत शिजला; काही वजनदार पहिलवानांनी मध्ये पडून तो थांबविला. तांग हाओचा गुन्हा काय? त्याने मुष्टिविद्येला खोटे म्हटले नव्हते. त्याने तिचे खोटे वंशपत्र नाकारले होते.

पीत नदीकाठचे गाव

नुसते नाकारून भागत नाही. बोधिधर्म नाही, सानफेंग नाही, तर मग कोण? हा प्रश्न घेऊन १९३० नंतरच्या एकदोन वर्षांत तांग हाओ हेनान प्रांतात, पीत नदीच्या काठी वनश्यान तालुक्यातील चेनज्यागोऊ या खेड्यात गेला. ताईजी ही विद्या पेकिंगमध्ये गाजविणारा यांग लूछान (१७९९–१८७२) ती या गावच्या चेन चांगशिंगकडून शिकला होता, एवढे सर्वांना ठाऊक होते. तो गावात चाकरीला होता आणि चोरून पाहून शिकला, असेही सांगतात. पण गावात ही विद्या कोठून आली?

तांग हाओने गावकऱ्यांच्या घरची कागदपत्रे तपासली. चेन कुळाच्या वंशावळीत नवव्या पिढीतील चेन वांगथिंग या नावापाशी त्याला एक टीप सापडली. हा सतराव्या शतकातला लढवय्या गृहस्थ, आणि टीप सांगत होती, की चेन घराण्याच्या मुष्टिविद्येचा व शस्त्रविद्येचा प्रारंभ त्याने केला. गावातले जाणते लोक विद्येचे श्रेय त्याहून तीनशे वर्षे मागच्या मूळपुरुषाला, चेन बू याला, देत होते. तांग हाओने तेही मान्य केले नाही. गावाचा पाहुणचार घेतला म्हणून गावाची प्रत्येक गोष्ट खरी, असे त्याने धरले नाही.

पुढची पायरी अधिक मनोज्ञ आहे. चेन घराण्याचे डाव त्याने सेनापती छी जिग्वांग (१५२८–१५८८) याच्या ग्रंथातील डावांशी ताडून पाहिले. छी जिग्वांगने सोळाव्या शतकात समुद्रकाठच्या चाचेगिरीचा बंदोबस्त केला. त्यासाठी त्याने यीवू भागातले खाणकामगार आणि शेतकरी भरती करून सैन्य उभारले. या साध्या माणसांना शिकविण्यासाठी त्याने लोकांत चालत आलेल्या अनेक घराण्यांतून बत्तीस पवित्रे निवडले. मोठ्या लढाईत रिकाम्या मुठीचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय चपळ होण्यास ती पहिली शिकवण आहे, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. तांग हाओच्या मोजणीप्रमाणे या बत्तिसांपैकी एकोणतीस पवित्रे चेन घराण्याच्या विद्येत आढळतात. त्याचा निष्कर्ष असा: वांगथिंगने सैन्यात आणि लोकांत चालू असलेले डाव घेतले, त्यांना जुन्या श्वासव्यायामाची व यिन-यांग तत्त्वाची जोड दिली आणि नवी रचना केली. आकाशातून काही पडले नाही. खाणीत आणि शेतात राबणाऱ्यांच्या अंगातून गेलेले डाव एका गावाने जपले आणि पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत केले.

हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. श्यू झन या विद्वानाने तेव्हाच त्याला विरोध केला आणि दुसरी गावे, दुसऱ्या वंशावळी घेऊन वाद आजही चालू आहे. पण वादाची पातळी मात्र पालटली. पूर्वी प्रश्न असे, तुझा गुरू कोणता सिद्ध? आता प्रश्न झाला, तुझा कागद कोणत्या सालचा? तांग हाओचे खरे काम हे आहे. पुढे १९५५ मध्ये तो पेकिंगच्या क्रीडा आयोगात गेला, चिनी खेळांच्या इतिहासाची साधने संपादित करू लागला आणि ते काम हातात असतानाच १९५९ मध्ये वारला.

डोंगरावरचे चांभार

तांग हाओच्या आधी दुसऱ्या एका सुचौकराने वाट मोकळी केली होती. गू ज्येगांग (१८९३–१९८०) हा पेकिंग विद्यापीठातला तरुण संशोधक. त्याला नाटकांचे वेड होते. एकच कथा निरनिराळ्या मंडळींच्या हाती कशी पालटते, हे नाटके पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले. १९२३ मध्ये त्याने मांडले, की चीनचा प्राचीन इतिहास हा थरांनी रचलेला आहे. जसजसा काळ पुढे जातो, तसतसे लोक अधिकाधिक मागचे राजे शोधून काढतात! सर्वांत प्राचीन म्हणून सांगितला जाणारा राजा सर्वांत उशिरा जन्मलेला असतो. बोधिधर्माच्या गोष्टीला हे किती तंतोतंत लागू पडते, ते आपण पाहिले.

पण आम्हांला गू ज्येगांग अधिक आवडतो तो १९२५ च्या यात्रेमुळे. त्या वर्षी एप्रिलअखेर तो चार सोबती घेऊन पेकिंगजवळच्या म्याओफेंग डोंगरावर देवीच्या यात्रेला गेला आणि तीन दिवस राहिला. मोठमोठ्या पंडितांना तेव्हा ही गावंढळ अंधश्रद्धा वाटत असे. गूने यात्रेतल्या मंडळांनी वाटेवर लावलेले पिवळे जाहीरपत्रक एकेक करून उतरवून घेतले. त्यात काय होते? कोणते मंडळ पेज वाटणार, कोणते चहा देणार, कोणते रात्री वाटेवर दिवे लावणार. चांभारांचे मंडळ तर डोंगर चढताना फाटलेले जोडे यात्रेकरूंना फुकट शिवून देई. वर्गणी, कारभारी, कामाची वाटणी, सारे शिस्तीत! आणि याच यात्रेत मर्दानी मंडळे असत: सिंहनृत्य करणारी, ‘पाच वाघांची काठी’ खेळणारी, उंच काठ्यांवर चालणारी, दगडी कुलपे झेलणारी, भलामोठा निशाणाचा बांबू कपाळावर आणि खांद्यावर तोलणारी.

चिनी मर्दानी खेळ जगला तो येथे. तो दिवसभर राबून आलेल्या माणसांच्या मंडळांत, यात्रेत आणि बाजारात जगला. मांचू दरबाराने पदरी बाळगलेले कुस्तीगीर १९११ नंतर उघड्यावर पडले. त्यांच्यातले काही पेकिंगच्या त्यान्‌छ्याओ बाजारात जाड कापडी बंडी घालून लोकांपुढे कुस्ती खेळू लागले, थाळी फिरवू लागले आणि जनसामान्यांना विद्या शिकवू लागले. दरबार बुडाला, पण कुस्ती तरली. आपण परंपरा म्हणतो तेव्हा दरबार आठवतो, थाळी फिरविणारा आठवत नाही. हा दोष दृष्टीचा आहे.

होड्या आणि चेंडू

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात देतो. पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला चीनमध्ये नागाच्या आकाराच्या होड्यांच्या शर्यती होतात. सांगतात असे, की इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात छ्यू युआन या देशभक्त कवीने नदीत उडी घेतली आणि त्याला वाचविण्यासाठी लोकांनी होड्या लोटल्या, त्याची ही आठवण. १९४० नंतरच्या दशकात वन यीदुओ या कवी-प्राध्यापकाने या सणाची चिकित्सा केली. हा उत्सव कवीहून जुना आहे, दक्षिणेकडील नदीकाठच्या लोकांच्या नागपूजेतून तो आला, असे त्याने मांडले. सुचौच्या भागात हाच सण छ्यू युआनच्या नव्हे, तर वू झश्यू या दुसऱ्याच पुरुषाच्या नावाने चाले. परंतु वन यीदुओने कवीला त्यामुळे लहान लेखले नाही. लोकांनी आपला जुना सण एका स्वाभिमानी माणसाच्या पदरात घातला, ही घटनाच त्याला अर्थपूर्ण वाटली. स्वतः वन यीदुओ १५ जुलै १९४६ रोजी कुनमिंगमध्ये, खून झालेल्या सहकाऱ्याच्या शोकसभेत निर्भयपणे बोलला आणि त्याच दिवशी गोळ्या घालून मारला गेला. परंपरेची चिकित्सा करणारा देशावर प्रेम करीत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण ‘त्सूज्यू’ या पायचेंडूचे. लिनझ या शहरातले लोक तो खेळतात असा उल्लेख इ. स. पूर्व काळातील राज्यांच्या हकीकतींत येतो. हान काळात हा सैनिकी कवायतीचा भाग होता. २००४ मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेने त्याला फुटबॉलचा सर्वांत जुना अवतार म्हणून मान दिला. हा मान सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र त्या संदर्भातली एक जुनी चिनी कथा अधिक बोलकी वाटते. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग हा मूळचा सामान्य घरातला. सम्राट झाल्यावर त्याने बापाला राजवाड्यात आणून ठेवले, तर म्हातारा झुरू लागला. चौकशी केली तेव्हा कळले, की गावाकडे खाटीक, दारूविके, भाकरीविके असले त्याचे सोबती; कोंबड्यांच्या झुंजी आणि पायचेंडू यांत त्याचा जीव रमे. राजवाड्यात यातले काहीच नाही! शेवटी सम्राटाने राजधानीजवळ जुन्या गावासारखे नवे गाव वसविले आणि ते सोबती तेथे आणले, तेव्हा म्हातारा हसला. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती लिहिणाऱ्याला एक गोष्ट नक्की ठाऊक होती: खेळ राजवाड्यात जन्मत नाही, सोबतीत जन्मतो.

दोन घातक टोके

परंपरेचा अभ्यास करताना दोन टोके टाळावी लागतात. एक टोक आंधळ्या अभिमानाचे. ते नानकिंगमध्ये दिसले. दुसरे टोक द्वेषाचे. १९६६ पासूनच्या दहा वर्षांत चीनमध्ये ‘जुने ते सारे मोडा’ अशी लाट आली. मंदिरे फुटली, यात्रा बंद पडल्या, वृद्ध उस्तादांची विटंबना झाली, घरोघरच्या पोथ्या जळाल्या. गू ज्येगांगसारख्या चिकित्सकालाही छळ सोसावा लागला. श्रमिकांच्या नावाने हे झाले म्हणून आम्ही ते झाकणार नाही. ज्या कागदांवर श्रमिकांची नावे होती तेच कागद जाळणे, ही श्रमिकांची सेवा नव्हे.

पुढे चूक उमगली. १९८३ ते १९८६ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. हजारो कार्यकर्ते खेड्यापाड्यांत जाऊन वृद्धांना भेटले, हस्तलिखिते गोळा केली, आणि स्वतंत्र म्हणता येतील अशा १२९ पद्धतींची नोंद झाली. २००९ मध्ये नागहोड्यांच्या सणाला आणि २०२० मध्ये ताईजीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. हे चांगलेच झाले. पण यादीत नाव लागले की तिकीट लागते आणि तिकिटाबरोबर जुनी दंतकथा नव्या रंगात परत येते, कारण ती खपते. म्हणून तांग हाओची गरज संपलेली नाही.

याच संदर्भात आपल्याशी संबंधित एक नोंद करावीशी वाटते. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा चीनने आपल्या मर्दानी विद्येचे स्त्री-पुरुषांचे पथक प्रात्यक्षिकांसाठी पाठविले होते. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही हिंदी खेळ दाखविण्यासाठी त्या शहरात गेले होते. साम्राज्यांच्या टाचेखालचे दोन प्राचीन देश जगाला सांगत होते, की आमच्या अंगातही बळ आहे आणि आमचे स्वतःचे खेळ आहेत. या नात्यात गुरू कोण आणि चेला कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. शेजाऱ्याच्या घरातली प्रत्येक चांगली वस्तू आपल्याच घरून गेली, असे म्हणणे हा स्नेह नव्हे. तो मालकी हक्काचा दावा आहे. आणि असे दावे कोण करतो, हे कामगारांना सांगायला नको.

चार प्रश्न

मग परंपरेचा अभ्यास कसा करावा? आम्ही पंडित नाही; पण या माणसांकडून शिकलेले चार प्रश्न सांगतो. पहिला: ही गोष्ट प्रथम कोणत्या साली लिहिली गेली? घटना केव्हाची हे नंतर, नोंद केव्हाची हे आधी. दुसरा: ही गोष्ट कोणाच्या सोयीची आहे? पुस्तक विकणाऱ्याच्या, गादी सांभाळणाऱ्याच्या, की टाळ्या मिळवू पाहणाऱ्या वक्त्याच्या? तिसरा: हे काम प्रत्यक्ष करणारे कोण होते, आणि त्यांची नावे कोठे गेली? त्यासाठी गावात जावे लागते, डोंगर चढावा लागतो. तांग हाओप्रमाणे अंगाने शिकावे लागते, कारण बत्तिसांतले एकोणतीस पवित्रे ओळखणारा डोळा ग्रंथालयात तयार होत नाही. चौथा प्रश्न सर्वांत नाजूक: गोष्ट खोटी ठरली, तर लोकांना ती रचावीशी का वाटली? दंतकथा हाही एक कागद आहे. फक्त तो ज्या काळाविषयी बोलतो त्याचा नव्हे, तर ज्या काळात रचला गेला त्याचा. ‘रोगी’ म्हणून हिणविलेल्या राष्ट्राला अजिंक्य गुरू हवे होते. गुलामीतून आलेल्या आम्हांलाही चीनचा गुरू व्हायचे होते. हे दुःख समजून घ्यावे. पण त्याचे औषध खोट्या वंशावळीत नाही.

आपल्या गावातही तालमी आहेत. त्यांच्या भिंतीवर देवादिकांच्या आणि राजांच्या तसबिरी असतात, त्या असू द्याव्या. पण तांबडी माती कोणी वाहून आणली, तेलाचा खर्च कोणी सोसला, पहाटे पोरांना उठवून जोर-बैठका काढवून घेणारा वस्ताद दिवसा कोणत्या कारखान्यात राबत होता, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? ते वृद्ध आज आहेत, उद्या नसतील. एक वही घ्यावी, त्यांच्यापाशी बसावे आणि तारीख घालून लिहावे. पुढे एखादा तांग हाओ येईल, त्याच्या हाती काही तरी लागले पाहिजे.

त्या व्यायामशाळेत आम्ही नंतर एकदा मुद्दाम गेलो. पोरांपुढे उभे राहून सांगितले, की मागे जे बोललो ते चुकीचे होते, आणि किन्नराची, चुलीतल्या काठीची गोष्ट सांगितली. तीही गोष्टच आहे, हेही सांगितले. या वेळी टाळ्या थोड्या कमी पडल्या. तो फिटर मागच्या रांगेत उभा होता. त्याने खिशातून पेन काढले, तळहातावर काही तरी टिपून घेतले आणि विचारले, ‘‘अण्णा, साल कोणतं म्हणालात?’’